बर्फाचा हिशोब आणि आकाशातला काटा

२०१२ च्या फेब्रुवारीत 'नेचर' या नियतकालिकात छापून आलेल्या एका शोधनिबंधाने हिमनद्यांच्या अभ्यासकांमध्ये चांगलीच खळबळ उडवून दिली. हिमालय, काराकोरम, तिबेट, पामीर, तिएन शान असा आशियातला सगळा उंच मुलूख एकत्र धरला, तर तिथल्या हिमनद्या २००३ ते २०१० या काळात वर्षाला सरासरी फक्त ४ अब्ज टन बर्फ गमावत होत्या, असे त्यात म्हटले होते. तोवरचे अंदाज होते ४७ ते ५५ अब्ज टनांचे. म्हणजे फरक दहापटीहून जास्त.

हा आकडा डोळ्यांसमोर येण्यासाठी आपल्याकडच्या मापात बोलू. एक अब्ज टन पाणी म्हणजे एक घन किलोमीटर, म्हणजेच साधारण ३५ टीएमसी. कोयना धरण काठोकाठ भरते तेव्हा त्यात सुमारे १०५ टीएमसी पाणी असते, म्हणजे जवळपास ३ अब्ज टन. आधीच्या अंदाजानुसार आशियातले हे पर्वत दरवर्षी सोळा ते अठरा कोयना धरणांइतके पाणी गमावत होते. नव्या निबंधाने ते एकदम सव्वा-दीड कोयनेवर आणून ठेवले.

वेळही नेमकी नाजूक होती. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २००७ च्या अहवालात, २०३५ पर्यंत हिमालयातल्या हिमनद्या नाहीशा होऊ शकतील असे एक विधान शिरले होते. त्याला शास्त्रीय आधार नव्हता. जानेवारी २०१० मध्ये समितीला त्याबद्दल खेद व्यक्त करावा लागला होता. त्या प्रकरणाची धूळ खाली बसते न बसते तोच हा निबंध आला. 'हिमालयातला बर्फ वितळतच नाही' अशा अर्थाचे मथळे झळकले. ज्यांना हवामानबदलाची चर्चाच नको होती, त्यांना आयते कोलीत मिळाले.

त्या ४ च्या पुढे निबंधात आणखी एक आकडा होता: ±२०. तो बहुतेक मथळ्यांमधून गळाला. या गळालेल्या आकड्याचा अर्थ कळण्यासाठी हे मोजमाप कसे होते ते पाहावे लागते. कारण या संशोधकांपैकी कोणी हिमनदीवर जाऊन बर्फ मोजला नव्हता. त्यांनी पृथ्वीभोवती फिरणाऱ्या दोन उपग्रहांमधले अंतर मोजले होते.

बर्फात रोवलेल्या काठ्या

आधी जुनी पद्धत पाहू, कारण तिच्यावाचून नव्या पद्धतीचे मोल कळत नाही.

हिमाचल प्रदेशात लाहौल-स्पितीमध्ये, चंद्रा नदीच्या खोऱ्यात छोटा शिग्री नावाची सुमारे ९ किलोमीटर लांबीची हिमनदी आहे. २००२ पासून भारतीय आणि फ्रेंच संशोधक तिचा वार्षिक ताळेबंद मांडत आले आहेत. पद्धत ऐकायला साधी आहे. वाफेवर चालणाऱ्या, पाठीवर वाहून नेता येईल अशा यंत्राने बर्फात काही मीटर खोल भोक पाडायचे आणि त्यात बांबूच्या काठ्या एकमेकींना जोडून सोडायच्या. उन्हाळा सरला की परत जायचे आणि काठीचा किती भाग उघडा पडला ते मोजायचे. दोन मीटर काठी उघडी पडली असेल, तर त्या जागचा दोन मीटर बर्फ गेला. हिमनदीच्या वरच्या अंगाला, जिथे बर्फ साठत जातो तिथे, खड्डे खणून त्या वर्षीच्या हिमाची जाडी आणि घनता मोजायची. वर जमा, खाली खर्च. दोन्हींची वजाबाकी म्हणजे त्या वर्षीची शिल्लक किंवा तूट.

या मापाइतके खात्रीचे माप दुसरे नाही. पण त्यासाठी चार-पाच हजार मीटर उंचीवर दरवर्षी माणसे पाठवावी लागतात. जगात पावणेतीन लाखांच्या आसपास हिमनद्या आहेत आणि त्यांतल्या अगदी थोड्यांवर अशा काठ्या रोवलेल्या आहेत. शिवाय त्या निवडल्या जातात सोयीने. जिथे पोचता येते, चढता येते, भेगा कमी आहेत, अशा हिमनद्या आधी निवडल्या जातात. त्या बहुधा लहान आणि कमी उंचीवरच्या असतात, आणि अशा हिमनद्या लवकर झिजतात. मग त्यांच्या सरासरीने सगळ्या पर्वतरांगेचा अंदाज बांधला, की आकडा फुगतो. पूर्वीचे मोठे अंदाज फुगण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण होते.

दुसरी पद्धत उंचीची. उपग्रहातून लेझर सोडून किंवा एकाच जागेची दोन कोनांतून छायाचित्रे घेऊन हिमनदीच्या पृष्ठभागाची उंची काढायची, काही वर्षांनी पुन्हा काढायची आणि किती खचली ते पाहायचे. यातून घनफळ कळते, वजन कळत नाही. खचलेला थर घट्ट बर्फाचा होता की भुसभुशीत हिमाचा, हे उंचीवरून समजत नाही. त्यासाठी घनता गृहीत धरावी लागते.

तिसरी पद्धत थेट वजनाची. २०१२ च्या निबंधात वापरली होती ती हीच.

दोन उपग्रहांमधले अंतर

१७ मार्च २००२ रोजी रशियातल्या प्लेसेत्स्क तळावरून ग्रेस नावाची उपग्रहांची जोडी अवकाशात गेली. अमेरिकेची नासा आणि जर्मनीची अवकाश संस्था यांची ही संयुक्त मोहीम. टेक्सास विद्यापीठातले बायरन टॅपली आणि पॉट्सडॅमच्या भूविज्ञान संशोधन केंद्रातले क्रिस्टोफ रायगबर हे तिचे प्रमुख. मोहिमेवरच्या लोकांनी या जोडीला टॉम आणि जेरी अशी टोपणनावे दिली होती, कारण दोघांचा पाठलाग कधी संपणारा नव्हता. सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरून, ध्रुवांवरून जाणाऱ्या एकाच कक्षेत, एकामागे एक सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून ते फिरत होते. एका फेरीला साधारण दीड तास लागे.

जमिनीचे फोटो काढणारे कॅमेरे या उपग्रहांवर नव्हते. त्यांचे मुख्य काम एकच: आपल्या जोडीदारापासूनचे अंतर क्षणोक्षणी मोजत राहणे. दोघे एकमेकांकडे सूक्ष्मलहरी पाठवत आणि त्यांच्यावरून अंतरातला फरक काढत. तोही मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत अचूक.

पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखे नसते. जिथे वस्तुमान जास्त, तिथे ओढ जास्त. समजा वाटेत एक अवजड पर्वत आला. पुढचा उपग्रह त्याच्याजवळ पोचायला लागला की पर्वत त्याला ओढतो, त्याचा वेग किंचित वाढतो, आणि दोघांमधले अंतर वाढते. पुढचा पर्वत ओलांडून गेला की तीच ओढ त्याला मागे खेचते, तर मागून येणाऱ्याला ती पुढे ओढत असते. अंतर कमी होते. दोघेही पुढे निघून गेले की अंतर पूर्वपदावर येते. अंतरातल्या या चढउतारांवरून खाली किती वस्तुमान आहे हे गणिताने काढता येते.

प्रत्यक्षात अंतर आणखीही कारणांनी बदलते. त्या उंचीवरही विरळ हवा असते आणि ती उपग्रहाला अडवते. सूर्यप्रकाशाचाही अगदी सूक्ष्म दाब पडतो. म्हणून प्रत्येक उपग्रहाच्या बरोबर गुरुत्वमध्याशी एक त्वरणमापक बसवलेला होता. गुरुत्वाकर्षण सोडून बाकी कोणत्या बलांनी उपग्रह हलला, याची नोंद तो ठेवी आणि तेवढा भाग वजा केला जाई. उपग्रह नेमका कुठे आहे हे जीपीएसवरून कळत असे. महिनाभराच्या फेऱ्यांमधून सगळी पृथ्वी झाकली गेली की त्या महिन्याचा गुरुत्वाचा नकाशा तयार होई.

इथे एक शंका येते. हिमालयासारख्या खडकाच्या प्रचंड राशीपुढे तिथल्या बर्फाचे वजन ते किती? त्यातली वर्षाकाठची घट उपग्रहाला कळणार कशी?

याचे उत्तर उसाच्या हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर रोज पाहायला मिळते. भरलेली ट्रॉली काट्यावर येते, वजन होते. ऊस उतरवला की रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर येते. ट्रॉली कितीही जड असली तरी दोन वजनांची वजाबाकी केली की उरतो तो ऊस. हिमालयाचा खडक ही ट्रॉली समजा. तो या महिन्यात आहे तसाच पुढच्या महिन्यातही आहे. एका महिन्याच्या नकाशातून दुसऱ्या महिन्याचा नकाशा वजा केला की खडक निघून जातो आणि उरते ती फक्त बदललेल्या वस्तुमानाची खूण. इतक्या थोड्या अवधीत एवढे वस्तुमान इकडचे तिकडे करणारी गोष्ट मुख्यतः एकच: पाणी. मग ते बर्फाच्या रूपात असो, पावसाच्या, की जमिनीखाली मुरलेल्या साठ्याच्या.

पण काट्याची एक मर्यादा उसाच्या शेतकऱ्याला चांगली माहीत असते. काटा वजन सांगतो. त्यात ऊस किती आणि पाचट किती हे सांगत नाही. ग्रेसच्या बाबतीत सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

पुसट नजर

गुरुत्वाकर्षणाचे बारकावे उंचीबरोबर पुसट होत जातात. ५०० किलोमीटर वरून पाहताना ग्रेसला साधारण ३०० किलोमीटरहून लहान प्रदेश वेगळा ओळखता येत नाही. गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. सियाचीन ७०-७५ किलोमीटर. त्यामुळे 'ग्रेसच्या मोजमापानुसार गंगोत्री इतकी वितळली' अशा तऱ्हेचे वाक्य कुठे दिसले तर ते चुकीचे आहे असे खुशाल समजावे. संपूर्ण हिमालयाची रुंदीच अडीच-तीनशे किलोमीटरच्या घरात आहे. म्हणजे हिमनद्या, त्यांच्यामधली बोडकी शिखरे, खालची खोरी आणि पायथ्याचे मैदान या सगळ्यांची खूण एकमेकींत मिसळूनच उपग्रहापर्यंत पोचते. एका प्रदेशातल्या बदलाची खूण शेजारच्या प्रदेशात झिरपते. या मोजमापातली ही सगळ्यात मोठी डोकेदुखी.

भरीस भर म्हणजे दोन्ही उपग्रह उत्तर-दक्षिण दिशेत एकामागे एक चालत असल्याने त्या दिशेतला फरक त्यांना चांगला कळतो, पूर्व-पश्चिम दिशेतला कमी. म्हणून कच्च्या नकाशांवर उत्तर-दक्षिण पट्टे उमटतात. ते गणिताने पुसून काढावे लागतात, आणि पुसताना खरी खूणही थोडी पुसली जाते.

मग बर्फाचा आकडा काढतात कसा? अभ्यासक हिमनद्यांच्या प्रदेशाची लहान लहान तुकड्यांत विभागणी करतात. प्रत्येक तुकड्यात किती वस्तुमान वाढले किंवा घटले असे मानले तर उपग्रहाला दिसलेली खूण तयार होईल, हे उलट्या दिशेने सोडवतात. यात शेजारचे प्रदेशही धरावेच लागतात, नाहीतर त्यांचा दोष हिमनद्यांच्या माथी बसतो. हिमालयाच्या शेजारी तर असा एक प्रदेश आहे, जिथून पाणी बर्फापेक्षाही वेगाने कमी होत होते.

पंजाबच्या विहिरी हिमालयाच्या खात्यात

२००९ मध्ये नासाचे मॅट रॉडेल, इसाबेला वेलिकोन्या आणि जे फॅमिग्लिएटी यांनी ग्रेसच्याच नोंदींवरून राजस्थान, पंजाब आणि हरियाणा (दिल्लीसह) या पट्ट्यातल्या भूजलाचा हिशोब मांडला. ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात तिथून १०९ घन किलोमीटर भूजल गेले होते. म्हणजे सुमारे ३८५० टीएमसी, छत्तीस-सदतीस कोयना धरणे. या काळात पाऊस साधारण नेहमीइतकाच झाला होता. म्हणजे दोष दुष्काळाचा नव्हता, उपशाचा होता. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेचे व्ही. एम. तिवारी यांनी जॉन वार आणि शॉन स्वेन्सन यांच्याबरोबर आणखी मोठा पट्टा घेतला. पाकिस्तानपासून बांगलादेशापर्यंतच्या उत्तरेकडच्या मैदानी पट्ट्यात ही घट वर्षाला ५४ घन किलोमीटरच्या आसपास असल्याचे त्यांनी दाखवले.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. लुधियाना किंवा कर्नालच्या शेतातला बोअरवेल आणि हिमाचलातली हिमनदी यांच्यातले अंतर ग्रेसच्या नजरेने जवळजवळ नाहीच. शेतकऱ्याने भातासाठी उपसलेले पाणी उपग्रहाला 'हिमालयाकडचे वजन घटले' असेच दिसते. मैदानातली घट मैदानाच्या नावावर नीट टाकली नाही, तर ती हिमनद्यांच्या खात्यात जमा होते आणि बर्फ भराभर वितळतोय असे वाटू लागते.

थॉमस जेकब, जॉन वार, टॅड फेफर आणि शॉन स्वेन्सन यांनी २०१२ च्या निबंधात हीच वजावट काळजीपूर्वक केली. मैदानासाठी स्वतंत्र तुकडे धरले, आणि घटीचा मोठा भाग पर्वताचा नसून मैदानाचा आहे असे निघाले. चारपैकी दोघे, वार आणि स्वेन्सन, तिवारींबरोबर भूजलाचा हिशोब करणारेच होते. तिथे काय चालले आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते.

तलावात साठलेले पाणी

दुसरी वजावट उत्तरेच्या बाजूची आहे आणि ती उलट्या दिशेने काम करते.

तिबेटच्या पठारावर शेकडो तलाव असे आहेत, ज्यांच्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. आजूबाजूचे पाणी तिथे येऊन साठते आणि फक्त बाष्प होऊन जाते. गेल्या काही दशकांत यातले बरेच तलाव पसरत गेले आहेत. सिलिंग त्सो हा तलाव तर इतका वाढला की त्याने नाम त्सो या प्रसिद्ध तलावाला क्षेत्रफळात मागे टाकले. या वाढीत पावसाचा वाटा मोठा आहे, वितळलेल्या बर्फाचाही काही आहे.

काट्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? डोंगरावरचा बर्फ वितळून शेजारच्याच बंद तलावात गेला, तर बर्फ गेला हे खरे, पण वजन जागच्या जागीच राहिले. तीनशे किलोमीटरच्या आतली ही हालचाल ग्रेसला दिसतच नाही. बर्फाचे पाणी झाले एवढ्याने वजन घटत नाही. पाणी त्या मुलखाबाहेर गेले तरच घटते. आणि पावसाने तलाव भरले, तर वजन उलट वाढते आणि हिमनद्यांची खरी घट झाकली जाते. त्यामुळे तलावांच्या पातळीची नोंद वेगळ्या उपग्रहांकडून घेऊन ती वजा करावी लागते.

तिसरी वजावट खुद्द जमिनीची. वर खडक स्थिर असतो असे धरले, ते पूर्ण खरे नाही. हिमालय अजूनही वर उचलला जातो आहे आणि त्याच वेळी झिजतोही आहे. हिमयुगात बर्फाच्या भाराने दबलेली जमीन जगात अनेक ठिकाणी आजही हळूहळू वर येते आहे. खडक बर्फाच्या तिप्पट जड असल्याने त्याची मिलिमीटरभर हालचालही हिशोबात येते. २००४ च्या सुमात्रा भूकंपाने समुद्रतळाची जी उलथापालथ झाली, तिची खूण ग्रेसला स्पष्ट दिसली होती. चौथी वजावट मातीतल्या ओलाव्याची आणि हंगामी हिमाची. मोसमी पावसाच्या मुलखात यांचा चढउतार इतका मोठा असतो की वर्षाकाठची बर्फाची तूट त्याच्यात सहज बुडून जावी. ही वजावट तर मुख्यतः संगणकीय प्रारूपांवरून ठरवावी लागते.

प्रत्येक वजावटीत थोडी अनिश्चितता आहे. त्या सगळ्या एकत्र आल्या की तयार होतो तो ±२० अब्ज टन.

मग खरे कोणाचे?

उणे ४, अधिक-उणे २०. म्हणजे खरा आकडा २४ अब्ज टनांच्या तुटीपासून १६ अब्ज टनांच्या वाढीपर्यंत कुठेही असू शकतो. 'बर्फ वितळत नाही' असे हा निबंध म्हणतच नव्हता. 'वर्षाला ५० अब्ज टन हा आकडा मात्र टिकत नाही', एवढे तो ठामपणे सांगत होता. शिवाय त्याच निबंधात जगभरातल्या हिमनद्या आणि हिमटोप्या (ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या कडेच्या सोडून) वर्षाला १४८ अब्ज टन गमावत असल्याचे नोंदवले होते. त्याला मथळ्यांत फारशी जागा मिळाली नाही.

पुढच्या काही वर्षांत निरनिराळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांजवळ आले. २०१३ मध्ये अ‍ॅलेक्स गार्डनर आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये काठ्या, लेझर आणि गुरुत्व या तिन्ही प्रकारच्या नोंदी एकत्र मांडल्या. उंच आशियासाठी आकडा आला २६ अब्ज टन, अधिक-उणे १२. २०१७ मध्ये फॅनी ब्रून आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून २००० ते २०१६ या काळातल्या उंचीतला फरक काढला. त्यांचा आकडा १६.३, अधिक-उणे ३.५. २०२० मध्ये डेव्हिड शीन यांच्या गटाने २०१८ पर्यंतचा हिशोब केला: १९, अधिक-उणे २.५. म्हणजे वर्षाला सहा कोयना धरणांच्या आसपास. शेवटचे दोन्ही आकडे जेकब यांच्या मर्यादेत चपखल बसतात. चुकला तो निबंध नव्हता, तो वाचणारे चुकले.

ब्रून यांच्या नकाशाने आणखी एक गोष्ट उघड केली. सरासरीच्या खाली फार वेगवेगळ्या कहाण्या आहेत. तिबेटच्या आग्नेयेला, ब्रह्मपुत्रेच्या वळणाजवळच्या न्येनचेनतांगल्हा रांगेत हिमनद्या वर्षाला सरासरी ०.६२ मीटर पाण्याइतक्या पातळ होत होत्या. वायव्येकडच्या कुनलुन पर्वतात त्या उलट किंचित जाड होत होत्या. काराकोरममध्ये फारसा बदल नव्हता. केनेथ ह्युइट यांनी २००५ मध्ये याच विसंगतीकडे लक्ष वेधले होते आणि तिच्या कारणांवर आजही काम चालू आहे. सियाचीनच्या परिसरातली हिमनदी टिकून आहे म्हणून हिमालय सुरक्षित आहे असे म्हणणे, किंवा आग्नेय तिबेटचा आकडा घेऊन सगळा हिमालय संपला असे म्हणणे, दोन्ही सारखेच चूक.

काटा कुठे चोख चालतो

हे वाचून ग्रेस निरुपयोगी असे कोणी समजू नये. जिथे बर्फ प्रचंड आहे, एकगठ्ठा आहे आणि शेजारी पाण्याची दुसरी मोठी उलाढाल नाही, तिथे हा काटा चोख चालतो. ग्रीनलंडचा बर्फ वर्षाला सरासरी २७० अब्ज टनांच्या आसपास घटतो आहे, हे ग्रेस आणि तिच्यानंतरच्या मोहिमेने महिन्यागणिक दाखवले. अलास्काच्या आखाताभोवतीच्या हिमनद्याही अशाच. तिथली तूट दरसाल पन्नास-सत्तर अब्ज टनांच्या घरात आहे. खूण इतकी ठसठशीत की हिवाळ्यात वजन वाढताना आणि उन्हाळ्यात उतरताना महिनावार दिसते. दरवर्षी उन्हाळ्यात ते जितके उतरते, तितके हिवाळ्यात चढत नाही.

गुरुत्वाच्या मापाचे काही गुण बाकी दोन्हींकडे एकत्र सापडत नाहीत. घनता गृहीत धरावी लागत नाही, ढगांचा अडथळा होत नाही, आणि एकही हिमनदी हिशोबातून सुटत नाही. उंचीच्या नोंदींना पुरेसा फरक दिसायला काही वर्षे थांबावे लागते; ग्रेस दर महिन्याला सांगते. म्हणून आता अभ्यासक एका पद्धतीवर विसंबून राहत नाहीत. उंचीच्या नोंदींवरून कुठे किती हे ठरवतात, गुरुत्वावरून केव्हा किती आणि एकूण किती हे पडताळतात, आणि दोन्ही बरोबर आहेत ना हे काठ्यांवरून तपासतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला मोठा आंतरराष्ट्रीय ताळेबंद असाच झाला. जगभरच्या पस्तीस संशोधक गटांनी सगळ्या पद्धतींचे आकडे एका चौकटीत आणले. निष्कर्ष असा: २००० ते २०२३ या काळात जगातल्या हिमनद्यांनी वर्षाला सरासरी २७३ अब्ज टन बर्फ गमावला आणि काळाच्या पहिल्या अर्ध्यापेक्षा दुसऱ्या अर्ध्यात हा वेग ३६ टक्क्यांनी वाढला. मध्य युरोपातल्या हिमनद्यांचा तर ३९ टक्के बर्फ या अवधीत गेला.

मूळ ग्रेस ऑक्टोबर २०१७ मध्ये थांबली. एका उपग्रहाच्या बॅटऱ्या संपल्या होत्या. पाच वर्षांसाठी पाठवलेली जोडी पंधरा वर्षे चालली. २२ मे २०१८ रोजी तिच्या जागी नवी जोडी, ग्रेस फॉलो-ऑन, कॅलिफोर्नियातून गेली. तिच्यावर सूक्ष्मलहरींच्या जोडीला लेझरनेही अंतर मोजण्याचा प्रयोग केला गेला आणि तो यशस्वी झाला. मधल्या काही महिन्यांची नोंद मात्र कायमची रिकामी राहिली.

आपला संबंध

गोदावरी, कृष्णा, भीमा या नद्यांना हिमनदीचे पाणी मिळत नाही; त्या पावसावर चालतात. म्हणून हा विषय आपला नाही असे महाराष्ट्रात किंवा गोव्यात कोणाला वाटेल. पण दोन बाजूंनी तो आपल्यापर्यंत येतो.

पहिली बाजू समुद्राची. सुमारे ३६० अब्ज टन पाणी समुद्रात गेले की जगभरातली पातळी सरासरी एक मिलिमीटर वाढते. म्हणजे केवळ हिमनद्यांमुळे ती वर्षाला पाऊण मिलिमीटर चढते आहे. ही वाढ सगळीकडे सारखी नसते, आणि त्याचेही कारण गुरुत्वच. अलास्कासारख्या बर्फाच्या राशी आजूबाजूच्या समुद्राला स्वतःकडे ओढून धरतात. बर्फ गेला की ही ओढ कमी होते, तिथल्या किनाऱ्याजवळची पातळी खाली जाते, आणि ते पाणी दूरच्या समुद्रांत पसरते. त्यामुळे बर्फापासून लांब असलेल्या उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांच्या वाट्याला सरासरीहून थोडे जास्तच येते. मुंबई, कोकण आणि गोवा त्यातच मोडतात.

दुसरी बाजू भूजलाची. हिमालयाचा बर्फ मोजायला गेलेल्या काट्याने वाटेत पंजाब-हरियाणाच्या जमिनीखालची रिकामी होत चाललेली कोठारे दाखवली. तिथली तूट पर्वतावरच्या तुटीच्या तोडीची, मोठा पट्टा घेतला तर तिच्या दुपटीहून जास्त होती. बर्फाची तूट थांबवायला सगळ्या जगाला हालचाल करावी लागेल. भूजलाची तूट हा आपल्याच वीजदराचा, पीकपद्धतीचा आणि खरेदीच्या धोरणाचा विषय आहे.

वाचकांसाठी एक सूचना करतो. यापुढे 'हिमनद्या इतक्या वितळल्या' किंवा 'वितळतच नाहीत' अशी बातमी वाचाल, तेव्हा तीन गोष्टी शोधा: किती वर्षांचा हिशोब आहे, कोणत्या मुलखाचा आहे, आणि आकड्यापुढचे अधिक-उणे किती आहे. या तीन गोष्टी दिल्या नसतील, तर त्या बातमीवरून हिमालयाबद्दल कोणतेही मत बनवू नका.